भुरीची पांढरी पिल्लं

भुरी व्याली तेव्हा पेटीत सहा पिल्लं होती आणि त्यातली दोन पांढरीफटक होती. नाकसुद्धा गुलाबी. ताई गुडघ्यांवर बसून बराच वेळ बघत राहिली. मग तिनं एकाला मानेला धरून उचललं, दिव्याखाली उलटंपालटं केलं आणि परत आईच्या पोटाशी ठेवलं.

"हे आपलं नाही," ती म्हणाली.

मागं तिचा भाऊ पाण्याची बादली घेऊन उभा होता. घरात भावंडं दोनच, तरी त्याचं नाव धाकटा पडलं ते पंचेचाळिशी उलटली तरी तसंच राहिलं. कुत्री विकत न्यायला येणारी परकी माणसंसुद्धा त्याला धाकटा म्हणत.

"आपलं नाही म्हणजे? आत्ता मीच पुसून काढलंय त्याला," तो म्हणाला.

"आईचं नाही, असं म्हणाले का मी? मी बापाचं बोलतेय."

धाकटा काही बोलला नाही. ताईनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं, आणि तो बोलला नाही हे तिनं मनात टिपून ठेवलं. ताईचं हे असंच. माणूस बोलला तर का बोलला, आणि गप्प बसला तर का गप्प बसला. मेंढ्यांमागं धावणारी कुत्री वाढवण्यात तिचा हात धरणारं त्या टापूत कुणी नव्हतं. गळ्यात कायम शिट्टी. दोन बोटांएवढ्या त्या पत्र्याच्या तुकड्यावर ती अर्ध्या कोसावरचं कुत्रं डावीकडे, उजवीकडे, बस, थांब, सगळं करून घ्यायची. माणसांना तेवढी शिट्टी चालत नाही, हे तिचं आयुष्यभराचं दुःख होतं.

आता पांढऱ्या पिल्लांवर एवढं डोकं फिरवून घ्यायला काय झालं, ते सांगायला हवं. भुरीचा रंग ढगी. करड्या अंगावर काळे, फाटके ढग पसरलेले. कागदोपत्री त्याला मर्ल म्हणतात, ताईकडे सगळे ढगीच म्हणत. रंग देखणा, गिऱ्हाईक त्यावर लट्टू. पण त्याचा एक नियम आहे आणि तो ताईच्या वडिलांनी तिला पाढ्यासारखा घोकून घेतला होता. ढगी कुत्री साध्या रंगाच्या कुत्र्यालाच लावायची. मग निम्मी पिल्लं ढगी, निम्मी साधी आणि सगळी धडधाकट. ढगीला ढगी लावलं, की चारातल्या एखाद्या पिल्लाला तो रंग आईकडूनही येतो आणि बापाकडूनही. दोन्हीकडून आला की तो रंगच सगळा खाऊन टाकतो. पिल्लू पांढरं पडतं, कान बहिरे, डोळे कधी बारके तर कधी नुसत्या खाचा. असलं पिल्लू मेंढ्यांमागं काय धावणार?

आणि भुरीला लावलेला काजळ्या काळाकुट्ट होता. ताईच्याच घरी जन्मलेला, तीन वर्षांचा, नाकापासून ढुंगणापर्यंत काळा. ढगाचा एक शिंतोडा अंगावर नाही. ही त्याची पहिलीच पिल्लं. काळ्याच्या पोटी पांढरं येत नाही. म्हणजे बाप काजळ्या नव्हता. म्हणजे भुरीजवळ दुसरंच कुठलंतरी ढगी कुत्रं येऊन गेलं होतं. आणि भुरी माजावर होती त्या चार दिवसांत ताई घरी नव्हती. ती कुत्र्यांच्या स्पर्धेला गेली होती. मागच्या खोलीची किल्ली होती धाकट्याकडे.

ताईच्या मनात पाल चुकचुकली ती तिथं.

"चार दिवसांत फाटक उघडं राहिलं होतं का रे?" तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाही."

"एकदाही नाही?"

"ताई, मी नाही म्हणालो."

पण फाटकाच्या बाबतीत धाकट्याच्या शब्दाला ताईच्या लेखी किंमत नव्हती. बारा वर्षांपूर्वी त्यानं एकदा फाटकाची कडी लावली नव्हती. ताईची हरणी, जिच्यासारखी कुत्री पुन्हा झाली नाही, ती रस्त्यावर गेली आणि ट्रकखाली आली. तेव्हाही ताईनं विचारलं होतं आणि तेव्हाही धाकटा आधी नाहीच म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी कबूल केलं, रडला, दोन दिवस जेवला नाही. ताईनं माफ केलं असं ती म्हणायची. विसरली असं मात्र ती कधीच म्हणाली नाही.

पहिल्या दिवशी धाकट्यानं नेहमीचं काम केलं. त्याच्याकडे एक जाड, बिनरेघांची वही असे. प्रत्येक पिल्लू जन्मलं की तो पेटीशेजारी स्टुलावर बसायचा, त्या पिल्लाची आकृती काढायचा आणि पेन्सिलीनं अंगावरच्या खुणा भरायचा. कुठं पांढरा पट्टा, कुठं डाग, कुठला पंजा मोजा घातल्यासारखा. ताई त्याला हसायची. तिच्याकडे छापील कार्डं होती. त्यात रंगाचा एक रकाना होता आणि सातव्या आठवड्यात पिल्लं विकायला काढताना ती तो भरायची. त्याआधी रंग लिहिण्यात काय हशील? वजन लिहावं, दूध लिहावं.

"काय चित्रकार, आज रंगपेटी नाही लागणार," ती म्हणाली. "दोन पानं कोरीच सोडायची आहेत."

धाकटा पेन्सिल फिरवतच राहिला.

तिसऱ्या दिवशी ताईनं तिचं नेहमीचं काम केलं. चपट्या डबीतून रबरी कड्या काढल्या आणि एकेका पिल्लाच्या शेपटीला चिमट्यानं चढवल्या. पाच-सहा दिवसांत शेपटी वाळून गळून पडते. कळपामागच्या कुत्र्याला शेपूट नको, काट्याकुट्यात अडकतं, कुठं फाटकात सापडतं, असं वडील म्हणायचे. ते म्हणायचे म्हणून ताई करायची, आणि ताई करायची म्हणून कुणी का विचारायचं कारण नव्हतं. पांढऱ्या दोघांना मात्र तिनं कड्या घातल्या नाहीत. त्यांच्यावर कडी कशाला फुकट घालवायची, असं तिनं बोलूनही दाखवलं.

आठव्या दिवशी त्यातलं एक पांढरं गेलं. दुसरं पोटभर प्यायचं आणि वाढत होतं. तीन आठवड्यांनी बाकीची पिल्लं खाण्याच्या बशीच्या आवाजाला कान हलवायला लागली. ताई पेटीमागं उभी राहिली आणि तिनं शिट्टी वाजवली. चार डोकी वर झाली. पाचवं पांढरं, ते आपलं भुरीच्या कानाला लोंबकळत राहिलं.

तिनं डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या आसपासच्या सगळ्या मेंढ्या, घोडे, कुत्री बघायच्या आणि बोलायला एकदम सडेतोड होत्या. त्यांनी पिल्लाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, मागून टाळी वाजवली, पायाशी पाटी आपटली.

"डोळे चांगले आहेत, नशीब त्याचं. कान दोन्ही गेलेले. आईबाप दोघंही मर्ल?"

"बाप काळा आहे," धाकटा म्हणाला.

"बाप कोण आहे तेच बघायचंय," ताई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "बघू की. त्यात काय? गालातून कापसाची काडी फिरवायची, प्रयोगशाळेत पाठवायची. तीन आठवड्यांत कळेल. कुणावर संशय आहे?"

ताईनं पलीकडच्या टेकडीकडे हात केला. तिकडे गोड्या राहायचा. तोही कुत्री वाढवायचा. गोड्या हे त्याचं नाव बोलण्यावरून पडलं होतं. त्याचा तुफान नावाचा ढगी कुत्रा होता, आणि दोनदा त्यानं ताईकडे भुरी मागितली होती. दोन्ही वेळा ताईनं त्याला ढगी-ढगीचा नियम ऐकवून फाटकाबाहेर काढलं होतं.

भुरी आणि पिल्लं झाल्यावर काजळ्याच्या गालातून काडी फिरवताना त्याचा जबडा धाकट्यानं धरला. ताई बाजूला उभी राहून भावाच्या हातांकडे बघत होती.

मग ते तीन आठवडे. ताईनं ते कसे काढले विचारू नका. एकदा संशय डोक्यात बसला की माणसाला सगळीकडे पुरावाच दिसतो. तारेच्या कुंपणावर तिला करड्या केसांचा पुंजका सापडला. तो तिनं काडेपेटीत जपून ठेवला. भुरी स्वतः करडी आहे आणि रोज त्या तारेला अंग घासते, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण कळणं वेगळं. धाकटा एका दुपारी दोन तास कुठं गेला होता, परत आला तेव्हा बुटांना टेकडीपलीकडची तांबडी माती होती.

"कुठं गेला होतास?"

"पाय मोकळे करायला."

"तिकडं?"

"तिकडं."

ती गोड्याकडेही जाऊन आली. तुफानच्या गालातली काडी हवी म्हणून डॉक्टरीणबाईंबरोबर गेली. गोड्यानं खुर्च्या टाकल्या, चहा ठेवला, तुफानचं तोंड स्वतः उघडून धरलं. "घ्या की, हवी तेवढी घ्या. आमच्या कुत्र्याच्या तोंडात एवढं काय आहे ते आम्हालाही कळू दे." वर म्हणतो कसा, "ताई, तुम्ही स्पर्धेला गेलात तेव्हा हा पाय मुरगळून पडला होता. तीन पायांवर टेकडी चढून तुमच्याकडे आला असेल तर मी त्याला पदक देतो."

डॉक्टरीणबाई हसल्या. ताई हसली नाही. एवढ्या तत्परतेनं तोंड उघडणारा माणूस काहीतरी झाकत असतो, असं तिला वाटलं. तोंड उघडलं नसतं तरी तेच वाटलं असतं, पण ते सोडा.

परत येताना तिनं बाजारातून नवं कुलूप घेतलं.

ते कुलूप तिनं मागच्या खोलीला लावलं. त्याच्या दोन किल्ल्या होत्या आणि दोन्ही तिनं शिट्टीच्या दोरीत अडकवल्या. धाकट्याला सांगितलं नाही. सांगायचं होतं, पण शब्द जुळेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा खाण्याची बादली घेऊन मागं गेला. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. त्यानं किल्ली घातली. फिरवली. काढून बघितली, पुसली, परत घातली. मग त्यानं कुलपाकडे नीट बघितलं आणि नुसताच उभा राहिला. आतून पिल्लं दाराला नखं घासत होती.

ताई दोन पावलं दाराकडे गेली. पण तिनं स्वतःलाच दटावलं, की खरा असता तर ओरडला असता.

धाकटा आत आला. त्यानं जुनी किल्ली खिडकीच्या फळीवर ठेवली.

"काय म्हणायचं ते तोंडानं म्हण, ताई."

"तू मला चार दिवसांचं खरं सांग."

"काजळ्यालाच लावलं. दोनदा. मी समोर होतो. भुरी बाहेर गेली नाही, कुणी आत आलं नाही."

"हरणीच्या वेळीही असंच म्हणाला होतास."

ते म्हटल्या म्हटल्या तिला वाटलं, हे म्हणायला नको होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं. धाकट्याचा चेहरा एकदम पडला, जणू त्याला कुणी बारा वर्षांमागं ढकलून दिलं होतं.

"आणि त्या पांढऱ्याचं काय करायचं ठरवलंस?" त्यानं विचारलं.

"डॉक्टरीणबाई गुरुवारी येतायत. सुई देतील. त्याला समजणारही नाही."

"खातंय, खेळतंय, डोळ्यांनी बघतंय."

"आणि शिट्टी? शिट्टी ऐकतंय का? बहिरं कुत्रं कळपामागं सोडलं तर कड्यावरून जाईल. माझ्या घरचं म्हणून जाईल."

"उघड दार," धाकटा म्हणाला. "मला त्याला शेवटचं खायला घालू दे."

तिनं दार उघडलं. अर्ध्या तासानं तो जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून बाहेर आला. जाकिटाला पोट सुटलं होतं आणि ते पोट हलत होतं. ताईला दिसलं. तिनं अडवलं नाही. तो फाटकातून बाहेर पडला, वळला आणि कडी लावली. लावली ती दोनदा ओढून बघितली. मग टेकडीच्या वाटेला लागला.

संध्याकाळी दूधवाल्यानं सांगितलं, धाकटा गोड्याकडे कामाला राहिला.

झालं! ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. जे हवं होतं ते आयतंच हातात आलं होतं. निर्दोष माणूस चोराच्या घरी राहायला जातो का? ती दोन दिवस कुत्र्यांना, भांड्यांना, भिंतींना हेच विचारत होती. भिंतींनी नाही म्हटलं नाही. मात्र दोन्ही दिवस जेवताना तिनं दुसरं ताट काढलं आणि परत ठेवलं. भलताच राग आला त्या ताटाचा.

निकाल आला सोमवारी. डॉक्टरीणबाई स्वतः कागद घेऊन आल्या.

"तुफान बाप नाही," त्या म्हणाल्या. "काजळ्या आहे. सगळ्या पिल्लांचा."

"शक्य नाही."

"कागद खोटं बोलत नाही."

"कागद नाही, काडी खोटी असेल. धाकट्यानं धरला होता त्याला. काडी बदलली असेल."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "काडी माझ्या हातात होती. मी फिरवली, मी नळीत घातली, मी चिकटपट्टी लावली. आता माझ्यावरही संशय घ्यायचाय का? म्हणजे मी तशी इथून निघते."

ताई खुर्चीवर बसली.

"आणि पुढं ऐका," डॉक्टरीणबाई जरा नरमाईनं म्हणाल्या. "काजळ्यात मर्ल आहे. तपासणीत आलंय. त्याची आई कोण होती?"

"थोरली भुरी, या भुरीच्या आधीची. ती ढगीच होती. पण हा काळा निघाला. निम्मी काळी निघतात."

"हा काळा निघाला नाही, काळा दिसला. होतं असं कधीकधी. रक्तात सगळं असतं, पण अंगावर उमटतं बोटभर. कानामागं, पोटाखाली, पंजाच्या बोटांत. एवढासा करडा डाग. माणसं म्हणतात, काळाच आहे. आणि लावतात ढगीला."

"मी काजळ्याचा केस न् केस ओळखते," ताई म्हणाली. "डोक्यापासून शेपटीपर्यंत…"

ती थांबली. डॉक्टरीणबाईही थांबल्या. काजळ्या दारात आडवा पडला होता. त्याच्या मागं शेपटीच्या जागी अंगठ्याएवढा खुंट होता आणि आपलं नाव निघालं म्हणून तो हलत होता.

"शेपटीच्या टोकालाही असतो डाग," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "याची कशी होती, आठवतंय?"

ताईला आठवत नव्हतं. गेल्या तीस वर्षांत तिनं किती शेपट्या गाळल्या होत्या, त्यातली एकही तिला आठवत नव्हती. गळून पडलेल्या शेपट्या ती पेटीतल्या गवताबरोबर झाडून टाकायची. कार्डावरचा रंगाचा रकाना भरायची सातव्या आठवड्यात, शेपटी जाऊन पाच आठवडे झाल्यावर.

डॉक्टरीणबाई गेल्या आणि ताई उठून धाकट्याच्या खोलीत शिरली. खरं सांगायचं तर अजूनही तिच्या मनात कुठंतरी होतं, की गोड्याची एखादी चिठ्ठी सापडेल. संशय असा सुखासुखी निघून जात नाही. तिनं गादी उचलून बघितली, कपाटातले सदरे खालीवर केले. सदऱ्यांखाली वह्या होत्या. अकरा वह्या, वर्षाचे आकडे घातलेल्या. सगळ्यात वरच्या वहीत भुरीची सहा पिल्लं होती. पांढऱ्या दोघांची पानं कोरी नव्हती. त्यात नाकाचा आकार होता, डोळ्यांची मिटलेली फट होती, आणि एकाखाली लिहिलं होतं, 'हे जगेल.'

तिनं तीन वर्षांपूर्वीची वही काढली. थोरल्या भुरीचं वेत, सात पिल्लं. पाचवं पान. एका पिल्लाची आकृती पेन्सिलीनं घासून घासून काळी केलेली, कागद चमकायला लागेपर्यंत. शेपटी लांब, पूर्ण, जशी जन्माच्या दिवशी असते तशी. आणि तिच्या टोकाला नखाएवढी जागा काळी केलेली नव्हती. तिथं बारीक करड्या रेघा मारल्या होत्या. खाली धाकट्याचं तिरकं अक्षर.

'शेपटीचं टोक ढगी. ताईला दाखवलं. ताई म्हणाली, जाणारच आहे, तिचं काय बघायचं.'

ताई गादीच्या कडेवर बसली. तिनं ती ओळ परत वाचली. आणि मग आठवलं. सगळं नाही, पण आवाज आठवला, स्वतःचाच. हातात रबरी कड्यांची डबी होती, घाई होती, आणि धाकटा पिल्लू पुढं करून काहीतरी म्हणत होता. असलं ऐकून घ्यायला तिला वेळ कधी होता? फाटक बंद होतं, चारही दिवस बंद होतं. आत जे आलं ते तिनंच घरात ठेवलं होतं, वाढवलं होतं, काळा असं कार्डावर लिहिलं होतं. तिला रडू आलं आणि तिनं ते अडवलं नाही.

रडून झाल्यावर लगेच टेकडीपलीकडे जायचं की नाही? पण तेवढी हिंमत तिच्यात नव्हती. तिनं काजळ्याला वेगळा बांधला. त्याचं कार्ड काढून रंगाच्या रकान्यातलं 'काळा' खोडलं. नव्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या दोरीतून सोडवल्या आणि एक फळीवरच्या जुन्या किल्लीशेजारी ठेवली. असं काहीबाही करत आठवडा घालवला. मग बुधवारी सकाळी लाली व्याली. लाली तांबडी, तिला लावलेला कुत्रा बाहेरचा, चांगल्या घरचा काळा. पाच पिल्लं झाली.

ताईनं पिल्लं पुसली, तोलली. मग रिकाम्या स्टुलाकडे बघितलं. तिनं धाकट्याची वही आणली, पेन्सिलीला टोक केलं आणि स्टुलावर बसली. आयुष्यात तिनं चित्र म्हणून काढलं नव्हतं. पहिलं पिल्लू काढायला तिला अर्धा तास लागला. पिल्लू स्वस्थ बसेना, पेन्सिल ऐकेना. पाची पिल्लं होईपर्यंत तिची पाठ धरली.

दुपारी वही पिशवीत घालून ती टेकडी चढली.

गोड्याच्या कुरणाच्या कुंपणाशी ती उभी राहिली. आत धाकटा पाठमोरा उभा होता. समोर शंभर पावलांवर पांढरं पिल्लू, आता दोन महिन्यांचं, लांब शेपटी हलवत गवतात धावत होतं. ताईचा हात सवयीनं शिट्टीकडे गेला. तिनं वाजवली. धाकट्याचे खांदे ताठ झाले, पण तो वळला नाही. पिल्लाला तर पत्ताच नव्हता. मग धाकट्यानं उजवा हात वर केला, नुसता तळवा. पिल्लू धावता धावता थबकलं आणि खाली बसलं. त्यानं हात बाजूला नेला, ते डावीकडे वळलं. त्यानं मांडीवर थाप मारली, तर ते सुसाट आलं, त्याच्या पायांवर आदळलं आणि तिथंच लोळायला लागलं.

ताईनं शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली आणि आत गेली.

"काय तपासायचंय?" धाकट्यानं विचारलं. "बूट दाखवू?"

"मी चुकले," ताई म्हणाली. वाटेत तिनं बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एवढंच निघालं. "बाप काजळ्याच. शेपटीचं टोक ढगी होतं. तुझ्या वहीत वाचलं. तू सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही. कुलूप लावलं ते चुकले. हरणीचं काढलं ते तर…"

 धाकटा पिल्लाच्या कानांमागं खाजवत राहिला.

"मला आठवतच नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "काजळ्याच्या शेपटीचं. आठवलं असतं तर सांगितलं असतं. मला आपलं वाटायला लागलं होतं, की खरंच कडी राहिली असेल माझ्याकडून. त्या दुपारी मी इथं येऊन गोड्याला विचारलं, तुझा कुत्रा आला होता का म्हणून. मलाच माझा भरवसा वाटेना, ताई."

ते ऐकून ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुलपापेक्षा हे वाईट होतं. तिनं पिशवीतून वही काढून त्याच्यापुढं धरली.

"लाली व्याली. पाच आहेत. शेपट्या बांधल्या नाहीत मी, आणि बांधणारही नाही. जन्माच्या दिवसाचं लिहायचं म्हणून मीच काढलीत."

धाकट्यानं वही घेतली. पान उलटलं. त्याच्या ओठाचा कोपरा हलला.

"ही पिल्लं आहेत होय? मला वाटलं, लालीला बटाटे झाले."

"थट्टा कर. करायलाच हवीस तू."

"आणि या तिसऱ्या बटाट्याच्या शेपटीला हे काय आहे?"

ताईनं वाकून बघितलं. "डाग असेल. नाहीतर पेन्सिल घसरली असेल. तू नीट करून दे की, तुझा हात चांगला आहे."

धाकट्यानं वही मिटली आणि तिच्या हातात परत दिली.

"न बघता मी काही लिहीत नाही, ताई."

तो हे चढ्या आवाजात बोलला नाही, खोचकपणेही नाही. पण ताईनं मान खाली घातली. तिकडे गोड्याच्या मेंढ्या पाण्याला निघाल्या होत्या. पांढरं पिल्लू तिच्या बुटाची लेस ओढत होतं. तिनं बिचकत हात वर केला, नुसता तळवा, धाकट्यानं केला होता तसा. पिल्लानं लेस सोडली, तिच्या हाताकडे टक लावून बघितलं आणि बसलं.

"चारला माझं काम सुटतं," धाकटा म्हणाला. "मग येतो बघायला. हे पण येईल बरोबर."

"येऊ दे की."

तो मेंढ्यांच्या मागं गेला. चार वाजायला अजून दीड तास होता. ताई कुंपणाजवळच्या दगडावर बसली आणि पिल्लू तिच्या पायावर झोपी गेलं.